व्हिस्कोंतींच्या लेकी

महोदय,

इटलीतल्या मिलानवर लिहिताना तिथल्या स्फोर्झा या सत्ताधारी घराण्याचे कौतुक होते, त्यांच्याआधी राज्य करणारे व्हिस्कोंती घराणे मात्र विसरले जाते, याची खंत वाटते. आर्चबिशप ओत्तोने व्हिस्कोंतीने १२७७ मध्ये देझिओच्या लढाईत देल्ला तोर्रे घराण्याला हरवून शहर घेतले. १३९५ मध्ये याच घराण्यातील जानगालेआझ्झोने एक लाख फ्लोरिन (सोन्याची नाणी) मोजून ड्यूकपद मिळवले. १४४७ मध्ये व्हिस्कोंती ड्यूक फिलिप्पो मारिया मुलाविना वारला आणि पुरुषवंश खुंटला. पण वारसा लेकींकडून चालला! त्याची मुलगी बियांका मारिया हिचा नवरा, सेनानी फ्रान्चेस्को स्फोर्झा, १४५० मध्ये ड्यूक झाला. जानगालेआझ्झोची मुलगी वालेंतिना फ्रान्सला दिलेली. तिचा नातू, फ्रान्सचा राजा बारावा लुई, त्याच नात्याने हक्क सांगत १४९९ मध्ये मिलानवर चालून आला. वंशावळ छापताना कृपया या दोघींची नावे गाळू नयेत.

— एक वाचक, सातारा