कांद्याच्या मानेत पाणी मारा, तेही सकाळीच

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत उलटली की गच्चीवरच्या आणि परसातल्या कांद्याच्या पाती पांढुरक्या पडायला लागतात, शेंडे वाळतात, आणि घरोघरी संध्याकाळी साबणाचं पाणी फवारणं सुरू होतं. साबण कोणता, किती घालायचा आणि फवारायचं दिवसाच्या कोणत्या वेळी, हे सांगितलं जात नाही. त्यामुळे कीड वाचते आणि पात मरते. म्हणून हे पत्र.

हे पांढरे चट्टे बुरशीचे नसतात, फुलकिड्यांचे असतात. शेतकरी त्यांना थ्रिप्सच म्हणतात. पूर्ण वाढलेला किडा जेमतेम एक मिलिमीटरचा, पिवळट किंवा तपकिरी. पिल्लं त्याहून बारीक, फिकट पिवळी आणि बिनपंखी. ती पात खरवडून रस शोषतात, रिकाम्या झालेल्या पेशींत हवा शिरते आणि तो चट्टा चांदीसारखा चमकतो. चट्ट्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके असतील तर ती त्यांची विष्ठा. खात्री करायची तर चट्ट्याकडे नको, मानेत बघायला हवं. मधली कोवळी पानं जिथे एकमेकांना बिलगून वर येतात, ती फट दोन्ही अंगठ्यांनी हळूच उघडा. उजेड पडताच पिवळी पिल्लं खाली अंधाराकडे सरकताना दिसतात. डोळ्यांना दिसत नसतील तर रोप पांढऱ्या कागदावर झटका.

शेतातल्या कांद्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने झाडामागे 30 फुलकिडे ही फवारणी सुरू करण्याची पातळी धरली आहे. तेव्हा चार-पाच किडे दिसले म्हणून घाबरून जायचं कारण नाही. घरच्या वीस-पंचवीस रोपांना बहुतेक वेळा नुसतं पाणी पुरतं. पण ते मारायचं कसं आणि कधी, यातच सगळं आलं.

फुलकिड्यांना कोरडी, उबदार हवा मानवते. पावसाची एक चांगली सर आली तरी ते धुऊन जातात. करप्याचं नेमकं उलटं. जांभळ्या करप्याची बुरशी ओल्या पातीवर रुजते, आणि फुलकिड्यांनी केलेल्या जखमा तिला आयत्या मिळतात. आधी खोलगट पांढरा ठिपका, मग तो लांबट आणि जांभळा, भोवती पिवळी कड, आणि शेवटी पात तिथेच मोडून लोंबते. संध्याकाळी पात भिजवली की ती रात्रभर ओली राहते. म्हणजे एका शत्रूला घालवताना दुसऱ्याला पाट मांडून दिला जातो. म्हणून पाणी सकाळी सात-आठच्या सुमारास मारावं, दहापर्यंत पात खडखडीत वाळलेली असावी. पाइपच्या तोंडावर बोट धरून बारीक पण जोराची धार करा आणि ती वरून न सोडता बाजूने, थेट मानेच्या फटीत मारा. रोप दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर कोवळी मुळं हलतात. दर तिसऱ्या दिवशी असं दोन आठवडे करावं लागतं, कारण अंडी पातीच्या आत घातलेली असतात आणि कोष मातीत असतो. तिथवर धार पोहोचत नाही आणि औषधही नाही. उन्हाळ्यात एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. एकदा धुऊन थांबलं तर आठवड्याभरात परत तेच.

तरीही कीड वाढत गेली तर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड फडक्यात सैल बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पोटली पाच-सात वेळा पिळा, अर्क दुहेरी फडक्यातून गाळा आणि पाणी घालून एक लिटर करा. त्यात 1 ग्रॅम अंगाचा साधा साबण किसून विरघळवा. अर्क त्याच दिवशी संपवा. निंबोळ्या नसतील तर तयार 1500 पीपीएमचं निंबोळीयुक्त औषध लिटरला 3 मिली. इथे वेळेचा थोडा पेच आहे. निंबोळीतला कामाचा घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो, म्हणून सकाळी मारून फायदा नाही, आणि रात्री पात ओली ठेवायची नाही. साडेचार-पाचला फवारलं तर दोन्ही साधतं. पातीवर धो-धो फवारू नका, मानेत दोन-तीन चमचे गेले तरी पुरे. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा.

साबणाबद्दल दोन गोष्टी. कांद्याच्या पातीवर निळसर मेणाचा थर असतो, त्यावरून साधं पाणी मोत्यासारखं घरंगळतं. साबण घालायचा तो अर्क तिथे टिकावा म्हणून. कपड्याची पावडर मात्र नको. तिने ते मेणच निघून जातं, शेंडे जळतात आणि पुढे प्रत्येक दवाचा थेंब पातीवर पसरून बसतो. दुसरं म्हणजे बोअरचं जड पाणी. त्यात साबण फुटतो, कण्या होतात, पंपाचं नोझल चोंदतं आणि चिकटपणा येतच नाही. पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

पातीला गोल भोक दिसलं आणि आतून पात खरवडल्यासारखी पारदर्शक झाली असेल, तर तो फुलकिडा नाही, अळी आहे. पोकळ पात तिला आयतं घर मिळतं आणि बाहेरून मारलेलं काहीच तिच्यापर्यंत जात नाही. पात उजेडासमोर धरली की अळीची सावली दिसते. तिथून दोन बोटं खाली कात्रीने कापा आणि अळीसकट चिरडा. घरच्या बागेत याहून चांगलं औषध नाही.

लीक (कांद्याच्याच कुळातली भाजी) लावणाऱ्यांना फुलकिड्यांचा त्रास जास्त. त्याची चपटी पानं पंख्यासारखी एकावर एक बसतात आणि प्रत्येक घडीत किडा लपतो. दांडा पांढरा व्हावा म्हणून मातीची भर देण्याआधी दोन दिवस घड्या धुऊन घ्या. नंतर तिथे धार जात नाही.

लागवडीच्या वेळी केलेल्या गोष्टी पुढे फार उपयोगी पडतात. रोपं लावताना पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकला तर त्यातली अंडीही जातात. रोपांत 10 सेंटिमीटर अंतर हवंच. लावणीनंतर दीड महिन्याने युरिया किंवा ताजं शेणपाणी बंद करा. लुसलुशीत पात फुलकिड्यांना आवडते आणि कांद्याची मान जाड राहून तो टिकत नाही. कच्चं शेणखत घातलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. शेतात महिनाभर आधी कडेने मक्याच्या दोन ओळी पेरतात, त्या वाऱ्यावर येणारा किडा अडवतात. गच्चीवर वाऱ्याच्या बाजूला मक्याच्या चार कुंड्या ठेवून बघायला हरकत नाही. आणि टोपलीतला मोड आलेला कांदा पातीसाठी कुंडीत खोचण्याआधी वरची सुकी सालं काढून टाका. फुलकिडे त्यांच्याखाली मुक्कामाला असतात. बूड मऊ लागलं तर तो कांदा लावूच नका, मूळकूज सगळ्या कुंडीत पसरते.

मला सर्वांत काळजी वाटते ती शेतातल्या औषधांची. फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस यांच्या बाटल्या दुकानातून आणून टोपणाने मापून घरच्या कांद्यावर मारल्या जातात. ही औषधं फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, ते पत्रकावर छापलेलं असतं. घरची पात मात्र उद्याच्या झुणक्यात जाते. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण तरी बघावा; लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पात खायची असेल तर यातलं काहीही त्या कुंडीवर नको.

आपल्या वृत्तपत्रात बागेचे घरगुती उपाय छापताना तीन आकडे सोबत द्यावेत, एवढी विनंती: लिटरला किती, किती वाजता आणि किती दिवसांनी पुन्हा.

एक वाचक, पुणे