सूचना : आई-वडिलांच्या हातची एक वस्तू घेऊन येणे

सर्व सभासदांना नमस्कार.

सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या रविवारी दुपारी ४ वाजता मंदिराच्या सभामंडपात बैठक आहे. पितृपक्षात बैठक कशाला, असं दोघांनी विचारलं. याच दिवसांत हवी! प्रत्येकानं आपल्या गेलेल्या आई-वडिलांच्या हातची एक वस्तू आणायची आणि तिच्याविषयी पाच मिनिटं बोलायचं.

आईनं शिवलेली वाकळ चालेल, कितीही विटलेली असो. टाका किती बारीक, कोणत्या लुगड्याचा तुकडा कुठं लागलाय, हे बघण्यातच खरी मजा. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणाव्यात, लाजू नये.

वडिलांची जुनी वही असेल तर जरूर आणा. १९४८ पर्यंत आपल्याकडं मराठवाड्यात निजामाचं राज्य, शिक्षण बहुतेक उर्दूतून. त्यामुळं कित्येक वडीलधारे हिशेबसुद्धा उर्दूत लिहायचे. माझ्या वडिलांची अशी एक वही मी वीस वर्षं रद्दी समजून माळ्यावर टाकली होती. उर्दू येणारे आपले एक सभासद अशा वह्या वाचून दाखवतील.

किल्लारी भागातल्या ज्यांचं सगळं १९९३ च्या भूकंपात गेलं, त्यांनी नुसतं सांगावं : येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या सणाच्या) भज्जीत आई काय काय घालायची, वडील बैलाचं दावं कसं वळायचे.

नावं शुक्रवारपर्यंत सचिवांकडं द्या. चहा मिळेल. पाच मिनिटांच्या वर गेलात तर घंटी वाजेल, मग रुसायचं नाही.