कुंभारवाड्यातील जुनी इमारत टिकवू द्या: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, गुजरात राज्य, यांस
सविनय नमस्कार.

बडोद्यात फतेपुऱ्याजवळच्या कुंभारवाड्यात खाली गाळे आणि वर वखारीच्या खोल्या असलेली एक जुनी व्यापारी इमारत आम्ही काही बडोदेकर मिळून विकत घेऊ पाहत आहोत. ती न पाडता दुरुस्त करावी आणि तेथील कुंभारांना तेथेच ठेवावे, असा आमचा बेत आहे. बानाखत, म्हणजे खरेदीचा प्राथमिक करार, झाले आहे. पुढची तयारी करताना मात्र ध्यानात आले की, अशी इमारत पाडण्याची वाट नियमांत सरळ आहे आणि राखण्याची वाट जवळजवळ नाहीच.

या इमारतीचे खरे मोल तिच्या वरच्या मजल्यात आहे. नवरात्रातील गरब्याचे सच्छिद्र घट श्रावण-भाद्रपदात, म्हणजे नेमके पावसाच्या दिवसांत, घडवावे लागतात. कच्चे भांडे एका अंगाने घाईत सुकले तर तडकते, आणि ओलसर राहून भट्टीत गेले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटते. त्यामुळे कुंभाराला छप्पर आणि खेळता वारा दोन्ही हवेत, आणि समोरासमोर खिडक्या असलेल्या या मजल्यावर ते मिळतात. शटरच्या बंदिस्त दुकानांच्या संकुलात ते मिळणार नाहीत. आमच्या मराठी घरांतील संक्रांतीची सुगडेही याच वस्तीतून येतात.

अडचण कागदाची आहे. वापर परवानगीची, म्हणजे सगळे जिला बीयू म्हणतात तिची, पद्धत रुळण्यापूर्वीची ही वास्तू असल्याने तो कागद तिच्यासाठी कधी निघालाच नाही, आणि कर्ज देणारी बँक तोच मागते. २०२२ चा इम्पॅक्ट फीचा कायदा अनधिकृत बांधकामे शुल्क भरून नियमित करण्यासाठी आहे. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर पिढ्यान्‌पिढ्या नोंद असलेल्या इमारतीने स्वतःला अनधिकृत म्हणवून घ्यावे, हे मला न्याय्य वाटत नाही. उलट तीच जागा मोकळी करून नवे बांधकाम केले, तर २०१७ च्या विकास नियंत्रण नियमांत मंजुरीपासून बीयूपर्यंतचा मार्ग आखलेला आहे.

आमच्या अभियंत्याच्या पाहणीत विटा-चुन्याच्या भिंती भक्कम निघाल्या. कुजली आहेत ती सागवानी तुळयांची भिंतीत गेलेली टोके, कारण मधल्या काळात कोणीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. तो खरवडून चुन्याचा गिलावा करणे आणि टोके बदलणे हे काम आटोक्यातले आहे. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या शहरात १८८८ साली बांधलेला मिडलपोर्टचा कारखाना २०११ मध्ये एका न्यासाने विकत घेऊन दुरुस्त केला, आणि तेथील भांडी घडवण्याचे काम त्याच जागेत चालू राहिले.

म्हणून विनंती अशी की, अशा जुन्या व्यापारी इमारतींसाठी मिळकत पत्रिका आणि नोंदणीकृत अभियंत्याचा रचना-स्थैर्याचा अहवाल बीयूच्या जागी ग्राह्य धरण्याचा आदेश आपण काढावा, आणि या सवलतीची अट म्हणून भाडेकरू कुंभारांचे हक्क खरेदीखतातच लिहून घ्यावेत. अग्निसुरक्षेत कोणतीही सूट आम्ही मागत नाही. राजकोटच्या गेम झोनमधील २०२४ च्या जीवघेण्या आगीनंतर ती कोणी मागूही नये.

बानाखताची मुदत दिवाळीपर्यंत आहे. त्यानंतर मालक संकुल बांधणाऱ्यांशी बोलणी करण्यास मोकळे आहेत, आणि त्यांना त्याचा दोष देता येणार नाही. त्याआधी आपला निर्णय कळावा.

आपला विश्वासू,
दांडिया बाजारातील एक बडोदेकर