बाई, तुम्ही गुऱ्हाळ वर्गात येऊ दिलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे.

तुमच्याकडं तिसरीत आला तेव्हा आमच्या लेकानं शाळेचा धसकाच घेतला होता. आधीच्या शाळेच्या डायरीत सतत एकच शेरा असायचा : अभ्यासात लक्ष नाही. सातचा पाढा म्हणायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं. मला ते सोंग वाटायचं. एकदा मी हातही उचलला. ते आठवलं की अजून घास अडकतो.

तुम्ही त्याला पाढा विचारलाच नाहीत. सुट्टीत कुठं जातोस, एवढंच विचारलंत. मग कागलकडचं आजोळ, मामाचं गुऱ्हाळ, चुलवाण, रस उकळायची कायल, रसावरची मळी काढायचा झारा, सगळं बाहेर पडलं. घरी येऊन म्हणाला, "आई, गुळव्या म्हणजे कोण ते बाईंना माहीत नव्हतं. मी सांगितलं, गूळ शिजवणारा कारागीर." त्याच्या आवाजात तसा ताठा मी पहिल्यांदाच ऐकला.

गुऱ्हाळाचं आमिष दाखवून गणित गळी उतरवायचं, एवढंच तुमच्या मनात असतं तर त्यानं ते ओळखलं असतं. पोरांना ते लगेच कळतं. तुम्ही त्याच्या प्रश्नामागं गेलात. एक टन उसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो, हे मामानं त्याला सांगितलेलं. "मग बाकीचं गेलं कुठं?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत, दुसऱ्या दिवशी वजनकाटा आणलात. रसवंतीवरचं ओलं चिपाड ४०० ग्रॅम मोजून पोरांनी कट्ट्यावर उन्हात पसरलं आणि रोज मधल्या सुट्टीत तोललं. चौथ्या दिवशी ते २१० ग्रॅम भरलं. "आई, जवळजवळ निम्मं पाणीच होतं!" असं ओरडत तो पायातलं न काढता थेट स्वयंपाकघरात आला. रसातलंही पाणीच वाफ होऊन जातं, हे मग त्यानं आपलं आपण जुळवलं.

चाळीस पोरांच्या चाळीस आवडी, एकटी बाई कशी पुरी पडणार, अशी शंका मलाही होती. पण तुम्ही प्रत्येकाला वेगळा धडा काढून दिला नाहीत. काट्याभोवती अख्खा वर्ग गोळा झाला होता. आणि पेठेतल्या फुटबॉलची वेडी असलेली त्याच्या शेजारची पोरगी गोलांचा तक्ता करायला लागली, तेव्हा आमचा पोरगा तिच्या बेरजा तपासत बसला.

लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये आपल्या कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, त्याबद्दल मी ऐकून होते. असं शिकवणं त्या एका शाळेपुरतंच, असं मी धरून चालले होते. तुमचा वर्ग तर साधा, पत्र्याच्या छपराखालचा.

एक ओळ लिहायला रडणाऱ्या पोरानं गुळव्याला अकरा ओळींचं पत्र लिहिलं : रसात भेंडीचं पाणी का घालता? गुळव्यानं फोनवर सांगितलं, भेंडीचा चिकटा घाण धरून वर आणतो, मग मळी काढता येते. पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका तुम्ही पाठवायच्या आधी काढल्या नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

सातचा पाढा अजून आठापाशी अडखळतो, हेही सांगते. पण आता तो पोट धरून बसत नाही. वहीत सात-सात ढेपांच्या आठ ओळी काढतो आणि मोजतो.

सोबत मामाकडची काकवी पाठवते आहे. बरणीवर चिठ्ठी त्यानंच चिकटवली आहे : "९८० ग्रॅम, बरणी सोडून."

तुमच्या वर्गातल्या एका पोराची आई