बागेतल्या अनोळखी मंडळींचे आभार

सार्वजनिक बागेत दर आठवड्याला चित्रं काढायला बसणाऱ्या आमच्या गटाला मदत करून, नावही न सांगता निघून गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. गळलेली पानं-फुलं ठशांसाठी बाजूला काढून ठेवणारे माळीदादा, व्हीलचेअर पायरीवरून उचलणारे दोघे आणि थरथरत्या हातांच्या आजींचा कागद वाऱ्यात तासभर धरून बसलेली ती मुलगी. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी गेले, असं संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली दाखवलं होतं. झाडांचं श्रेय मान्यच. पण आजींनी पुन्हा रंगांना हात लावला तो त्या मुलीमुळे, हे माझं ठाम मत. बाई गं, तुझा ब्रश आमच्याकडे राहिलाय. घेऊन जा.