चाचा, तुम्ही कॉम्प्रेसर बंद केलात

चाचा, सप्रेम नमस्कार.

पाटण-कराड रस्त्यावरच्या तुमच्या शेडमधून निघताना मी घाईघाईत 'थँक्यू' म्हणाले, पण तोवर तुम्ही दुसऱ्या गाडीखाली शिरलाही होतात. मनातलं काही बोलून झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडपणे. गेले काही महिने या गाडीपायी मला जे ऐकून घ्यावं लागलं तेही चारचौघांतच होतं.

पुढच्या उजव्या चाकातून घरघर यायची म्हणून सर्व्हिस सेंटरला बेअरिंग बदलून घेतलं. घरघर गेली आणि एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबले तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा आला. त्यांनी स्कॅनर लावला, उजव्या पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर गेलाय म्हणाले, सेन्सर बदलला. दिवा तसाच. मग वायर बदलली. तरी तसाच. शेवटी सांगितलं, एबीएसचं अख्खं युनिटच बदलावं लागेल, चाळीस हजारांच्या पुढे जाईल. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं तर, ब्रेक लागतायत ना, मग दिव्यावर काळी टेप मारा, असा सल्ला दिला.

मी मात्र प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते. चावी फिरवली की दिवा लागतो आणि विझतो. गाडी उभी आहे तोवर विझलेलाच राहतो. चालायला लागून जरा वेग घेतला की पुन्हा लागतो. हे वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही. काउंटरवरचा मुलगा मध्येच म्हणाला, "मॅडम, साहेबांना फोन लावून देता का? त्यांना समजावून सांगतो." गाडी माझ्या नावावर आहे. दर महिन्याला आईला डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी चिपळूणहून कराडला मी नेते, कुंभार्ली घाट मी चालवते. तो फोन मी लावून दिला नाही, पण तो अपमान अजून उतरलेला नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता. मी बोलायला लागले आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आता तुम्हीही मान हलवून बॉनेट उघडाल. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात, भिंतीपर्यंत चालत गेलात आणि कॉम्प्रेसर बंद केलात. टायरमध्ये हवा भरणारा पोरगा नळी हातात धरून बघत राहिला. परत आलात, फडक्याला हात पुसलेत आणि म्हणालात, "हां बेटा, आता बोल. अगदी पहिल्यापासून."

चाचा, मला त्या क्षणी भरून आलं. ज्याला ऐकायचं असतं तो आधी आवाज बंद करतो, एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं.

सगळं ऐकून तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "बेअरिंग बदलायच्या आधी हा दिवा कधी लागला होता?" कधीच नाही. हा प्रश्न त्या चकचकीत वर्कशॉपमध्ये, ज्यांनी स्वतः ते बेअरिंग बसवलं होतं त्यांच्यापैकी एकालाही पडला नाही.

मग स्कॅनर मांडीवर घेऊन तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि मला म्हणालात, "तूच चालव." पडदा माझ्याकडे वळवून धरलात. चार चाकांचे चार आकडे. तीन बरोबरीनं चढत होते, 14, 14, 15, आणि चौथ्या जागी शून्य. "चाक फिरतंय, पण सांगत नाही," तुम्ही म्हणालात. एबीएस चारही चाकांचा वेग सतत ताडून बघतं; एक चाक मुकं झालं की भरवसा राहत नाही, म्हणून ते स्वतःला बंद करून घेतं. साधे ब्रेक लागतात, पण ओल्या उतारावर जोरात दाबले तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. टेप मारून झाकायचा दिवा तो हा.

हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर निघालं तेव्हा तुम्ही कॅलेंडरला लावलेली टाचणी काढून आणलीत. बेअरिंगच्या बाहेरच्या तोंडाला ती हळूच चिकटली. बेअरिंग निघाल्यावर आतल्या तोंडाला लावलीत, तर पडली. त्या एका टाचणीत मला सगळं कळलं. या बेअरिंगच्या एका सीलमध्ये, म्हणजे तोंडावरच्या झाकणात, बारीक चुंबकांची कडी असते, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी. ती समोरून फिरते आणि सेन्सर मोजतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. त्यांनी बेअरिंग उलटं दाबून बसवलं होतं. सेन्सर, वायर, युनिट, सगळं चांगलं होतं. काढून टाकलेला जुना सेन्सर माझ्या डिकीत पडला होता, तो पुसून माझ्या हातात देत तुम्ही म्हणालात, "जपून ठेव, हा बी चांगलाच हाय."

नव्या बेअरिंगचा आणि प्रेसच्या मजुरीचा आकडा तुम्ही काम सुरू करायच्या आधी सांगितलात आणि शेवटी तेवढेच घेतलेत. आधीच्यांबद्दल वाईट शब्दही काढला नाहीत. "दोन्ही तोंडं सारखीच दिसतात, होतं एखाद्याचं," एवढंच. हा तुमचा मोठेपणा. माझ्याकडे तो नाही. 2019च्या एप्रिलपासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. मग बेअरिंगचं कुठलं तोंड कुठे, हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती चाक देऊ नये. चूक झाली तर झाली म्हणावं. ती गिऱ्हाइकाच्या माथी चाळीस हजारांना मारू नये.

माझ्या शाळेत आम्ही मुलांना उत्तर द्यायला शिकवतो. समोरच्याचं पूर्ण ऐकून मग एकच नेमका प्रश्न विचारणं मी तुमच्याकडे पाहिलं, ग्रीसनं माखलेल्या बनियनमध्ये, आणि तेव्हापासून वर्गात हात वर करणाऱ्या पोरांना मी मध्ये तोडत नाही. तुमच्यासारखी माणसं रस्त्याकडेच्या शेडमध्ये आहेत म्हणून आमच्यासारख्यांना घाट उतरायची हिंमत होते. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या त्या पोरानं टाचणी तर पाहिलीच, पण तुम्ही कॉम्प्रेसर बंद केलात तेही लक्षात ठेवावं, ही माझी मनापासून इच्छा आहे.

दिवा त्यानंतर लागलेला नाही. पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतेच आहे, मागच्या ब्रेकचा जरा आवाज येतोय, तोही दाखवायचाय. आईनं तुमच्यासाठी घरचं कोकमाचं आगळ काढून ठेवलंय. चहात साखर नको म्हणालात, म्हणून सरबत नाही पाठवत.

तुमची,
चिपळूणची बाई