पिकअपच्या टायरवरचा आकडा वाचा

महोदय,

कांदा-टोमॅटोच्या हंगामात घाटात पिकअपचा मागचा टायर फुटला, की ‘जादा माल भरला असेल’ असं म्हणून विषय संपतो. दर वेळी तसं नसतं. माल पासिंगइतकाच असतो, टायर मात्र त्या वजनाचा नसतो.

हल्ली मालाच्या पिकअपलाही मोठ्या गोट्यांचे, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे ऑल-टेरेन टायर चढवतात. दिसायला दणकट, म्हणून वजनही जास्त पेलत असतील असा समज. नक्षीचा त्याच्याशी संबंध नाही. टायरच्या कडेवर मापापुढे लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती वजन पेलेल याचा सांकेतिक आकडा, छापलेला असतो: १०४ म्हणजे ९०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०७ म्हणजे ९७५, १११ म्हणजे १०९०. ‘१०४/१०१’ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकांचा.

समजा, मागच्या ॲक्सलचं नोंदवलेलं वजन १९५० किलो आहे. एका चाकावर ९७५ आले. पण क्रेट सरकतात, वळणावर बाहेरच्या चाकावर भार जातो. दहा टक्के वर धरले तर साधारण १०७३. म्हणजे १११ चा टायर हवा. २३५/७५ आर १५ (रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) या मापात कारचा ऑल-टेरेन १०५ चा मिळतो, चाकामागे ५० किलो आधीच कमी. ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर) ही अक्षरं बघून घेतला तरी सुटका नाही. याच मापाचा सहा प्लायचा (सहा थरांच्या ताकदीचा) एलटी १०४ चाच येतो. तेही ९०० किलो ५० पीएसआय हवेला! सवयीने ३५ मारली की कडा चाकाच्या दर फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि रबर प्लायपासून सुटतं. बाहेरून काही दिसत नाही. स्प्रिंगचे पाटे वाढवले तर गाडी बसत नाही एवढंच. टायरची ताकद तीच राहते.

मूळ २१५/७५ ऐवजी २३५/७५ घातला तर व्यास ३० मिलिमीटरने वाढतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. शिवाय या टायरला किमान सहा इंची रिम लागते. साडेपाचवर तो चढतो, पण कडा बाहेर फुगते.

मुरूम-खडीच्या रस्त्याला ऑल-टेरेन जरूर घ्यावा. काळ्या मातीत मात्र पहिल्या पावसातच त्याच्या खाचा भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरतं. शेतापासून बाजार समितीपर्यंत डांबरीच असेल तर साध्या रिब (सरळ पट्ट्यांच्या) नक्षीचा, पुरेशा लोड इंडेक्सचा एलटी बरा. डिझेल कमी, आवाज कमी.

विक्रेत्यांनी बिलावर मापासोबत लोड इंडेक्स लिहावा. फिटनेस तपासणीतही नक्षीची १.६ मिलिमीटर खोली बघतानाच हा आकडा ॲक्सलच्या वजनाशी ताडून पाहावा. त्याला वेगळं यंत्र लागत नाही.

– एक टायर व्यावसायिक, नाशिक जिल्हा